आबांना नाशिकला आणणार नाही

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी गाव सोडलं, तेव्हा आबा मला एसटीवर पोचवायला आले नाहीत. एकुलता एक मुलगा नोकरीला चाललेला, आणि हे सकाळपासून किनाऱ्यावर वेलीतून शेळ्या हाकलत उभे. आईने सुक्या बोंबलांची पुरचुंडी पिशवीत कोंबली आणि म्हणाली, "तिकडे लाटांचा आवाज नाही रे, झोप लागेल का तुला?" झोप उत्तम लागली. सातपूरच्या कारखान्यात आठ तास लेथवर उभं राहिल्यावर कुणालाही लागते. आबांवरचा राग मात्र बरीच वर्षं टिकला. बापाला मुलापेक्षा वाळूतली वेल मोठी, असं मी खोलीतल्या दोस्तांना सांगायचो.

गावातल्या आणि माझ्यासारख्या गाव सोडलेल्या माणसांनो, हे सगळं आज लिहायचं कारण माझ्या चुलतभावाचं, वसंताचं पत्र. समुद्र परसात आलाय, पुढची आळी उठवून स्टेशनच्या बाजूला प्लॉट घ्यायचं ठरतंय, आबा ऐकत नाहीत, तेव्हा तू त्यांना नाशिकला घेऊन जा, असं तो लिहितो. आई गेल्यापासून आबा एकटे आहेत, त्याची काळजी खरी आहे. पण उत्तर त्याला एकट्याला देऊन भागणार नाही.

बाहेरगावी वाढलेल्या आपल्या पोरांना मर्यादवेल ठाऊक नसेल. आपट्यासारखं जोडपान, जांभळी फुलं, भरतीची रेघ संपते तिथून वाळूवर पसरत जाणारी. वाळू धरून ठेवते, तिची टेकडी करते. टेकडीमागे केवडा, केवड्यामागे आपली घरं आणि गोड्या पाण्याच्या विहिरी. थंडीत कासवं त्या वेलीच्या कडेशी अंडी घालायला यायची. आबा म्हणायचे, "वेलीच्या पुढे घर बांधू नये आणि वेलीच्या मागे भिऊ नये." त्यांनी आयुष्यभर दुसरं तत्त्वज्ञान सांगितलं नाही.

मला मात्र नाशिकने वेड लावलं. इथल्या बागा पाहिल्या, रांगेत उभे गुलाब, कारंजी, हिरवळ, बाकांवर बसलेली कुटुंबं, आणि आपल्या किनाऱ्याची लाज वाटायला लागली. त्यात सासुरवाडी मखमलाबादची, फुलं-भाजीपाला पिकवणारी. टीव्हीवर एशियाड दाखवलं त्या वर्षी मी रजा टाकून गावी आलो आणि तरुण मंडळासमोर भाषण ठोकलं. शेळ्या आणि खेकडे बघायला कोण येणार? इथे बाग करा, मुंबईची माणसं रांग लावतील! तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी फुगलो.

चार दिवसांत आपण वेल उपटली. केवडा तोडला, टेकडी सपाट केली, वर लाल माती ओतली. हिरवळ, सुरूची रांग, सिमेंटची बाकं, दिवे, कमान. हिरवळीला पाणी आमच्याच विहिरीचं, पंप लावून. आबा एका संध्याकाळी येऊन उभे राहिले. ओरडतील म्हणून मी तयारीत होतो. ते एवढंच म्हणाले, "नाशिकला नदी आहे, बाळा. नदी वेगळी, दर्या वेगळा." आणि घरी गेले.

त्या थंडीत कासवीण वर आली, बाकाला धडकली, दिव्यांच्या उजेडात भांबावली आणि अंडी न घालताच परत गेली. आपण हसलो होतो, आठवतंय? पुढच्या वर्षी विहीर मचूळ झाली. आई म्हातारपणी पाण्याला मागच्या आळीत जायला लागली, आणि मला पत्रात कधी कळवलं नाही. तिसऱ्या पावसाळ्यात एका उधाणात हिरवळ गेली, मग सुरू आडवे झाले. बाकं अजून वाळूत उलटी पडली आहेत.

आता गावात जो तो म्हणतो, समुद्रच वाढला, त्याला कोण काय करणार. पेपरातही हल्ली येतं की पृथ्वी तापते आहे, समुद्र चढणार आहे. मला ते पटतं. पेपर यायच्या आधीपासून आबा सांगतात की त्यांच्या लहानपणी भरती जिथे थांबायची, तिथे आता कमरेएवढं पाणी असतं. पण म्हणून सगळं समुद्राच्या माथी मारायचं? नाचता येईना अंगण वाकडं! समुद्र वाढत होता, तर वेलीची गरज दुप्पट होती, आणि नेमकी तेव्हाच आपण ती उपटून टाकली. ते माझं डोकं होतं. मला त्याची लाज वाटते, आजही वाटते, आणि ती मी समुद्रात बुडवू देणार नाही.

बाग वाहून गेल्यावर मी दोन वर्षं शेजारच्या खाडीमुखावरून वेलीचे फाटे आणून थेट वाळूत खोचले. दोन्ही वर्षं लाटांनी नेले. उरलेले फाटे ओल्या गोणपाटात बांधून नाशिकला आणले, तेव्हा सासरे पोट धरून हसले. "जावईबापू, उघडी काडी खोचत्यात व्हय? तिला मूळ नाय, अन् तुम्ही तिची समिंदराशी कुस्ती लावता! लय घाई हाय तुम्हाला." त्यांनीच द्राक्षांची रिकामी खोकी दिली, गोदावरीची वाळू भरली, पेरं वाळूत दाबायला शिकवलं. माझी बायको सुमन रोज सकाळी पाणी घालते. क्वार्टरमधले शेजारी विचारतात की या तणाला द्राक्षं कधी लागणार. हसू देत त्यांना काय हसायचं ते.

गेल्या दसऱ्याला सहा खोकी घेऊन जव्हारमार्गे निघालो. कंडक्टरने विचारलं, "काय हाय ह्यात? पूजेचं का?"

"नाही, समुद्र अडवायचं सामान आहे," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि लगेजचं तिकीट फाडलं.

सहातली चार खोकी वाया गेली. दोन जगली. आमच्या अंगणाच्या रुंदीएवढा पट्टा आहे, पण यंदाच्या पावसाळ्यात त्या पट्ट्यावर वीतभर वाळू साठली. विहीर अजून मचूळच आहे. कासव आलेलं नाही, कदाचित माझ्या हयातीत येणारही नाही. वीतभर वाळू मात्र आहे, आणि ती मी माझ्या हाताने मोजली आहे.

तेव्हा वसंता, आबांना मी नाशिकला आणणार नाही. ज्यांना प्लॉट घ्यायचे त्यांनी जरूर घ्यावेत, लेकराबाळांचा प्रश्न आहे, कुणाला मी भित्रा म्हणणार नाही. उधाणाच्या दिवसांत आबा तुझ्याकडे मागच्या आळीत झोपतील, एवढं त्यांनी माझ्याजवळ कबूल केलंय. बाकी दिवस ते पट्ट्यावर बसून शेळ्या हाकलणार. त्यांना इथे आणून गुलाबांसमोर बसवलं, तर माझी चूक मीच जिंकवली असं होईल. दसऱ्याला मी पंधरा दिवसांची रजा टाकून येतोय, तीस खोकी घेऊन, सुमनसकट. सासरेही येतो म्हणतात, समुद्र त्यांनी अजून पाहिलेला नाही.

नाशिकने मला भाकरी दिली, संसार दिला, काडीला मूळ फुटेपर्यंत थांबायला शिकवलं. इथे माझ्याकडे कुणी बोट दाखवत नाही. पण ज्या जागेचं मी वाटोळं केलं आणि तरीही जिने मला हाकललं नाही, तिला सोडून दुसरीकडे कुठे घर म्हणू? कमान पडली तरी तिच्या पायातली फरशी अजून उभी आहे. 'संकल्पना' म्हणून तिच्यावर माझं नाव कोरलंय. पहिला घाव तिच्यावर, माझ्या हाताने, तुम्हा सगळ्यांसमोर. खालची वाळू मोकळी हवी आहे मला. वसंता, आबांचं सामान बांधू नकोस. पहार घासून ठेव.