खिळा नसलेलं घर

सगुण माझा धाकटा दीर. देवाने त्याला हात दिले, अक्कल द्यायला विसरला. रागाने सांगते, पण खरं तेच सांगते.

दोन हजार सालच्या सुमाराला तोमोबाब नावाचा एक जपानी म्हातारा आमच्या केरी गावात राहायला आला. त्याने सगुणला हाताशी धरून आपल्या देशातल्यासारखं लाकडी घर उभारलं. अख्ख्या घरात एक खिळा नाही. लाकडात लाकूड अडकवायचं आणि वर पाचर मारायची. घरामागे सुतारकामासाठी तसाच मोठा मांगर, म्हणजे लाकडी शेड, बांधला. "हा तुझा," म्हातारा सगुणला म्हणाला, आणि याने जागेच्या राखणदाराला नारळ ठेवला. कागद? देवासमोर नारळ ठेवल्यावर कागद कोण मागतो, असं हा मलाच विचारायचा. वीस वर्षं त्याचं पोट त्या मांगरावर चाललं.

म्हातारा वारला. त्याच्या भाचीने जपानमधूनच घर विकायला काढलं. दलाल कृष्णनाथ म्हणाला, "गिऱ्हाईक आलं की घर तूच दाखव." सगुणला वाटलं, आपली कारागिरी बघितली की नवा मालक आपल्याला मांगरातून हलवणार नाही.

मी म्हटलं, "तोंड धर. आधी मांगराचा काय ता विचार." ऐकेल तर तो सगुण कसला.

पुण्याचा एक साहेब आला. सगुणने त्याच्यासमोर पाचरा काढल्या, दाराची चौकट अलगद सोडवली आणि परत बसवली. साहेब खूश झाला.

"सगळंच घर असं सुटतं?" त्याने विचारलं.

"सगळां सुटता. एक ढलपी मोडूची नाय," हा छाती फुगवून म्हणाला.

आठवड्यात सौदा झाला. साहेब घर सोडवून पुण्याकडे नेणार, जागा हॉटेलवाल्याला जाणार. सोडवायचं काम सगुणलाच दिलं, आणि सगळ्यात आधी सुटला तो मांगरच. त्याने प्रत्येक लाकडावर आकडा घालून सगळं ट्रकात चढवलं. त्याची हत्यारं आता आमच्या न्हाणीत पडली आहेत. मला त्याची दया आली आणि चार थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं.

"पुण्याक घर जोडूक तुका नेतले मां?" मी विचारलं.

तो मान खाली घालून म्हणाला, "त्यांचे सुतार आसत. आकडे घातले काय कोणाकय जमता, वयनी. मीच तसा सांगितलंय त्यांका."