चौथ्या बैठकीचा आवाज

धनमान मिस्त्री भित्रा होता, आणि त्याच्या भित्रेपणाच्या भरवशावर आमचा सगळा डोंगर गाडीत बसायचा.

मानेभंज्याङहून वर जाणाऱ्या आमच्या लँड रोव्हर गाड्या म्हणजे चहामळ्यांच्या साहेबांनी वापरून टाकलेला माल. त्यांचं अंग ॲल्युमिनियमचं, त्याला गंज लागत नाही. पण ते अंग ज्या लोखंडी चासीवर बसतं, ती धुक्याने आतल्या आत कुजते. वरून रंग, आत कोंडा. आठ जागी बोल्ट घालून अंग चासीला धरलेलं असतं, मध्ये रबराची जाड चकती. त्या जागांना धनमान बैठक म्हणायचा.

त्याचा बाप कोयते-खुकुरी घडवणारा लोहार. धनमान एकोणीस वर्षांचा असताना गैरीबासच्या उतारावर एक गाडी कठड्याला आपटली. चासी दगडांत अडकून राहिली आणि वरचं अंग माणसांसकट सुटून दरीत गेलं. धनमान तिथं पोचला तेव्हा चाकं रस्त्यावरच होती. त्याने बोल्टच्या रिकाम्या भोकात बोट घातलं, तर बोटाला तांबडा भुगा लागला. त्या दिवसापासून लोकांनी त्याला खळखळून हसताना पाहिलं नाही.

त्याची तपासणी अशी. गाडीखाली पोतं अंथरायचं, उताणं पडायचं आणि प्रत्येक बैठकीजवळ छोट्या हातोडीने ठोकायचं. धड लोखंड टण्ण वाजतं. कुजलेलं बद्द वाजतं, तडा गेलेल्या घागरीसारखं. बद्द वाजलं की कुजका भाग कापून काढायचा, नवी पट्टी वेल्ड करायची, ट्रकच्या टायरची चकती कापून बसवायची, नवा बोल्ट आवळायचा. त्याने होकाराची मान हलवल्याशिवाय कुणी ड्रायव्हर वर जात नसे.

दसैंला, म्हणजे आमच्या दसऱ्याला, तीन दिवस होते. उग्येन शेर्पाची गाडी पहाटेच धनमानच्या अंगणात आली. अकरा माणसं, तांदळाची पोती, पायांत दसैंचा बोकड. माणसांत बिष्णू होती, धनमानच्या बायकोची धाकटी बहीण.

"काका, गाडी तपासताय की तिला नवरा शोधताय?" उग्येन ओरडला. "बोकड म्हातारा होईल माझा!"

खालून नुसती हातोडी वाजत राहिली. थंडीने धनमानची बोटं लाकूड झाली होती. आठ जागी ठोकून तो बाहेर आला आणि मान हलवली. उग्येनने दार गुडघ्याने जरा उचलून लावलं, आणि गाडी धुक्यात शिरली.

चुलीपाशी त्याची बायको सुकमाया सणाची सेल रोटी, तांदळाच्या पिठाची गोड कडी, तळत होती. त्याच्यापुढे चहा ठेवून ती म्हणाली, "उग्येनची चौथी बैठक एवढ्यात कशी झाली हो? वेल्डिंगचा आवाज तर आला नाही."

"कुठली चौथी?"

"ड्रायव्हरच्या पायाखालची. बद्द वाजली की! तीनदा ठोकलीत. मला वाटलं, आता कापणार."

धनमानने पेला खाली ठेवला. त्याचा चेहरा पाहून तिचा झारा कढईवरच थांबला.

"ऐकलंत ना तुम्ही?"

"नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली, टण्ण आणि बद्द यातलं मला काही कळत नाही. हाताला धक्का कसा बसतो त्यावर चालवत होतो. आज हातच मेले होते."

"आणि मी जेवायला हाक मारते, ती?"

"तुझं तोंड हलताना दिसलं तर ओठांवरून ओळखतो. नाही तर नाही."

"अरे देवा! मी समजत होते, मिस्त्रीला माज आलाय." मग तिचा आवाज एकदम उतरला. "अहो, बिष्णू आहे त्यात."

बाजारात एकही गाडी उरली नव्हती. सगळ्या वर गेलेल्या. धनमान हातोडी कमरेला खोचून चोरवाटेने निघाला. गाडीचा रस्ता वळणं घेत दगडांवरून रांगत जातो, पायवाट सरळ छातीवर चढते. वय एकसष्ट. त्याला एवढंच ठाऊक होतं की तुमलिङच्या पुढे गैरीबासचा उतार लागतो. चढावर भार मागे असतो. उतारावर सगळी गाडी पुढच्या बैठकांवर येते, आणि स्टेअरिंगचा दांडा तिथंच धरलेला असतो.

डोंगराच्या पहिल्या खांद्यावर तो इंजिनाचा आवाज घ्यायला थांबला. धुकं हलत नव्हतं. बराच वेळ कान देऊन उभा राहिल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की गाडी दहा हातांवर असती तरी आपल्याला ती ऐकू आली नसती. तो तसाच पुढे चढू लागला.

चित्रे गावात चहावाली म्हणाली, "गेली कधीच. गाणी म्हणत होती सगळी." मेघमा गावात पोती उतरवलेली दिसली. गाडी जिथं उभी होती तिथं ओल्या दगडावर तांबडा पापुद्रा पडला होता, नखाएवढा. धनमानने तो उचलला. आता त्याला उग्येनचा गुडघा आठवला. दार उचलून का लावावं लागलं? अंग खाली बसल्याशिवाय दार अडत नाही. डोळ्यांनी पाहिलं होतं त्याने, आणि जाऊ दिलं होतं.

पुढची वाट तो धावला. कुठे कठडा तुटलेला दिसतो का, हेच पाहत धावला. प्रत्येक वळणावर त्याला रिकामी चासी दिसायची, आणि जवळ गेल्यावर तो खडक असायचा.

तुमलिङच्या माथ्यावर धुकं जरा फाटलं. गाडी उभी होती, तोंड उताराकडे, धूर सोडत. आता दार काही केल्या लागत नव्हतं. उग्येन ते दोरीने बांधत होता.

"काका! बोकडाचा वाटा मागायला इथवर आलात?"

धनमानला धाप लागली होती. तो पुढच्या चाकासमोर रस्त्यातच बसला. हातानेच खूण केली, उतरा. कुणाला कळेना. मग त्याच्या तोंडून फुटलं, "सगळे उतरा रे! मला ऐकू येत नाही. सकाळी मी नुसता ठोकत होतो."

हसू जिथल्या तिथे विरलं. उग्येनने इंजिन बंद केलं आणि धनमानच्या पाठोपाठ तो गाडीखाली शिरला. धनमानने चौथ्या बैठकीला बोट लावलं. बोट दोन पेरं आत गेलं, आणि भुगा त्याच्या तोंडावर पडला.

"अकरा माणसं, काका," उग्येन हळूच म्हणाला. बाहेर आल्यावर मात्र तो कडाडला, "आता आम्ही कुणाच्या मान हलवण्यावर भरवसा ठेवायचा? सांगा!"

माणसं बोकडाला ओढत उतार पायी उतरली. जाताना बिष्णूने आपली शाल धनमानच्या खांद्यावर टाकली. गाडी चाकांखाली दगड लावून दसैंभर तिथेच राहिली. सण सरल्यावर वेल्डिंगचं सामान वर नेऊन धनमानने ती बैठक नवी केली. पण त्याच्या अंगणात गाडी यायची बंद झाली. तो रोज पोतं अंथरायचा आणि संध्याकाळी गुंडाळून ठेवायचा.

महिन्याने पहिला आला तो उग्येनच. "दुसरा मिस्त्री टॉर्च मारतो आणि जा म्हणतो," तो म्हणाला. "त्याला भीतीच वाटत नाही. मला त्याची भीती वाटते."

सुकमाया पिठाचे हात पुसत बाहेर आली आणि पुढच्या चाकाशी पिर्का, बसायचा बुटका पाट, टाकून बसली. "तीस वर्षं ही ठोकाठोक ऐकतेय मी," ती म्हणाली. "ठोका."

"मग आता मिस्त्री कोण, काकी?"

"गप्प बस. ऐकू दे."

धनमान खाली पडून ठोकू लागला. लोखंडाकडे तो पाहत नव्हता, चाकाआडून दिसणाऱ्या तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. ती डोळे मिटून मान हलवत होती. एक. दोन. तीन. चौथीला तिने जास्त वेळ घेतला, पण हलवली. पाचवी, सहावी.

सातवीला तिने मान हलवली नाही. हात पदरात आवळून धरले होते तिने. आजवर ही भीती फक्त त्याची होती.

"पुन्हा ठोका," ती म्हणाली.