मेंढरांचं मलम

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षरही वाकडं आहे, सांभाळून घ्या. लाजेनं गप्प बसलेल्या एखाद्या बाईसाठी लिहिते.

सांगलीत विश्रामबागच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "इथं काय लावलंत?"

"मेंढरांचं मलम," मी खाली बघत म्हणाले. त्या हसल्या नाहीत.

आमच्या माण तालुक्यात मेंढरांच्या जखमेला लावायच्या मलमाचा डबा घरोघरी असतो. मला लघवीच्या जागेजवळ दोन पुळ्या आल्या. मेंढरं बरी होतात म्हणून मी तेच लावलं. आग आग झाली, कातडी सोलली, बसता येईना. तसाच महिना काढला.

आगीपेक्षा भीती मोठी. आमचे मालक मुंबईला कामाला. त्यांनीच घाणेरडा आजार आणला, असं धरून मी त्यांचा फोन उचलत नव्हते. जवळ दहिवडीत डॉक्टरला दाखवलं तर गावभर होईल. शेवटी थोरल्या जाऊबाईंकडं, अक्कांकडं, पैसे मागितले. त्यांनी कारण विचारलं नाही. "जा बाय, पोरांचं मी बघती," एवढंच.

रक्त-लघवीचे रिपोर्ट येईपर्यंत बाकावर बसून देवाचं नाव घेत होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नवऱ्याकडून आलेला आजार नाही. घामानं घासून केसांच्या मुळाशी पुळ्या झाल्या, त्याला फॉलिक्युलायटिस म्हणतात. त्यावर मलमानं कातडी भाजली, ते कॉन्टॅक्ट डर्मटायटिस. मेंढरू लंगडलं तर त्याच दिवशी बघता ना?"

"व्हय."

"मग स्वतःला महिनाभर तसंच का ठेवलंत?"

किती मायेनं बोलल्या! साबण बंद, साध्या पाण्यानं धुवून टिपायचं, त्यांनी दिलेलं मलम पातळ लावायचं, सुती सैल कपडे घालायचे. आतले कपडे मी साडीखाली झाकून वाळवायची, ते दमटच राहायचे. आता उघड्या उन्हात वाळवते. पाण्याचे फोड आले, ताप आला, अंगावरून घाण जाऊ लागली किंवा दोन आठवड्यांत बरं वाटलं नाही, तर लगेच परत यायला सांगितलं.

स्टँडवरूनच मालकांना फोन लावला. "आवं, जेवलासा का?"

जखम भरली. कोकरू विकून अक्कांचे पैसे पुरे फेडले आणि तेव्हा कारण सांगितलं. त्यांनी नोटांची घडी केली. मग हळूच म्हणाल्या, "त्या डब्यातलं मी बी लावती गं."

त्याच नोटा कमरेला खोचून दुसऱ्या दिवशी अक्का माझ्याबरोबर सांगलीच्या गाडीत बसल्या.