फॉलो-अप चालू आहे

माझं इंग्रजी साहेबाच्या तोडीचं आहे. फक्त ते एका वाक्यात संपतं, "फॉलो-अप चालू आहे." चौथीत शाळा सुटली, हे सातपूरच्या कंपनीत सुपरवायझरकडून उचललं. खरा अर्थ, काम होईपर्यंत मागं लागायचं. पण एवढं बोललं की पुढं कुणी विचारत नाही, म्हणून मला लय आवडलं.

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात नाव नोंदवायचं होतं. ती रोज विचारायची, "नंबर लागला का रे?" मी खाटेवर लोळत सांगायचो, "फॉलो-अप चालू आहे." महिनाभर तेवढ्यावर भागलं. मग एका सकाळी ती भिंत चाचपत खाटेपाशी आली.

"मोतीबिंदू मला झालाय. तुझ्या पायाला काय झालंय?"