डाव्या पायाचा अंगठा

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. देवळात उभी राहिले तरी हे सोडून बाकी सगळं देवाला सांगते. आज तुम्हाला का सांगतेय – तेही धड कळत नाही. आणि चूक नेमकी कुठली सांगायची, तिथेच माझा गोंधळ आहे.

आमच्या पेडण्याच्या बाजूला कुणाचा पाय मुरगळला, पोटरीत लचक भरली, की आधी पायाळू माणूस शोधतात. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. दुखऱ्या जागी खोबरेल तेल लावायचं आणि पायाळूने आपल्या डाव्या पायाच्या अंगठ्याने तिथे चोळायचं – लचक उतरते. गावातली पायाळू म्हणजे मी. हळर्णपासून माणसं येतात. मोरजीहून एक बाई तर रिक्षा करून आली होती.

मी पायाळू नाही. माझा भाऊ पायाळू. लहानपणी तो लोकांचे पाय चोळायचा आणि मी तेलाची वाटी धरून बसायचे, तेवढाच माझा अभ्यास.

लग्न होऊन दोडामार्गहून इथे आले, तेव्हा सासूबाईंना माझं काहीच पसंत नव्हतं. कढीही नाही, चालणंही नाही. एकदा विहिरीच्या पायरीवर त्यांचा पाय मुरगळला. गावातला पायाळू म्हातारा नुकताच वारलेला. कुणाला बोलवावं यावर चर्चा चाललेली, आणि मी बोलून गेले – मी आहे की. का बोलले? त्यांच्या दुखण्याची कीव आली म्हणून, की घरात कुणीतरी माझ्याकडे बघावं म्हणून? चोळलं. दोन-तीन दिवसांत त्या चालायला लागल्या. मग काय, सूनबाईंची पत वाढली आणि कढीसुद्धा गोड लागायला लागली.

इतकंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. लोकांना बरं वाटत होतं – कसं वाटत होतं, देव जाणे.

पण सुनंदा. माझी धाकटी जाऊ. हरमलला पर्यटकांच्या खोल्या आवरायला जायची, स्वतःच्या स्कूटरवर. हसरी, कमावती, सासूबाईंची लाडकी. मला तिचा हेवा वाटायचा का? वाटायचा. एका वळणावर वाळूत स्कूटर घसरली आणि तिचा घोटा खाली सापडला. घरी आणली तेव्हा पाय टम्म सुजलेला. दीर म्हणाला, हॉस्पिटलात नेऊन हाडाचा फोटो काढून आणू. सासूबाई म्हणाल्या, "घरात पायाळू आसताना हॉस्पिटल कित्याक?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुनंदाही – आणि तिच्या नजरेत नुसता विश्वास होता.

भिंतीला हात टेकून मी अंगठा ठेवला, जरा दाबला. आत काहीतरी करकरलं. भात खाताना दाताखाली खडा यावा, तसं.

शीर करकरत नाही. लचक करकरत नाही. एवढं मला कळत होतं. तोंडापर्यंत आलं होतं – हिला घेऊन जा. पण पायाळूने डॉक्टरकडे पाठवलं तर ती कसली पायाळू? मी म्हणाले, "शीर चढली आहे. उतरेल." आणि चोळत राहिले. ती पदर दातात धरून बसली होती. दुसऱ्या दिवशी चोळलं, तिसऱ्या दिवशीही. सूज उतरेना, तरी महिना-दीड महिना चोळलं.

शेवटी दिराने नेलंच. तोवर हाड वाकडं जुळलं होतं. परत मोडून बसवावं लागेल, डॉक्टर म्हणाले. ती घाबरली, नको म्हणाली. आता तिचा पाय बाहेरच्या बाजूला पडतो. जिने चढवत नाहीत म्हणून हरमलचं काम सुटलं. स्कूटर विकली.

मध्यंतरी माहेरी गेले होते. आईला सहज विचारल्यासारखं विचारलं. तिला हल्ली सगळं विसरायला होतं. म्हणाली, "तुमच्यातला एक पायाळू व्हता खरा. तू काय तो, आता याद नाय." म्हणजे मी खोटं बोललेच नव्हते? की भावाचंच खोटं होतं? क्षणभर हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू. आणि मग ती करकर आठवली. मी खरी पायाळू असते तरी ती करकर तशीच लागली असती, आणि ती मला कळली होती.

घरात कुणीही मला बोल लावत नाही. सुनंदा तर उलटंच म्हणते – "वयनी, तुमचो पाय लागलो म्हणान मी चलतंय तरी."

थंडी पडली की तिचा घोटा ठणकतो. काल संध्याकाळी तिने स्वतःच तेल गरम करून आणलं, पाटावर बसली आणि पाय पुढे केला. मी भिंतीला हात टेकला. हाड वाकडं जुळलंय, तिथे अंगठा आपोआप थांबतो. बरं वाटतं का, मी विचारलं. ती हो म्हणाली. मी चोळत राहिले.