मालगाडीचे ड्रायव्हर रावसाहेब भाऊजी

ज्या माणसाच्या हातून माझा नवरा मेला, तो आज सकाळी गेला.

गावाच्या ग्रुपवर एकानेही श्रद्धांजली टाकलेली नाही. म्हणून मी लिहितेय.

माझे मिस्टर भास्कर मालगाडीचे गार्ड होते. रावसाहेब भाऊजी मालगाडीचे ड्रायव्हर. दोघं बेलापूरचेच, एका बाकावर शिकलेले, रेल्वेची परीक्षा दिली तीही सोबत. आमच्या लग्नात भाऊजी वरातीपुढे इतके नाचले की दुसऱ्या दिवशी त्यांना चालता येत नव्हतं.

मुलगी झाली तेव्हा हे ड्युटीवर होते. दवाखान्यात मला भाऊजींनी नेलं.

हे गेले त्या दिवशी सकाळी ह्यांचा फोन आला. दोघांच्या गाड्या परमुलखातल्या एका स्टेशनात मागेपुढे उभ्या होत्या.

हे म्हणाले, "रावसाहेब माझ्या मागंच येतोय. काल संध्याकाळपासनं गाडीवर हाय. डोळे लालभडक झाल्यात. त्यानं रेस्ट मागितली, तर साहेब म्हनला, बदली मानूस न्हाई, पुढच्या जंक्शनपर्यंत ने, मग काय झोपायचं ते झोप."

मी म्हणाले, "मग?"

"मग काय. चहा पाजला त्याला. नेईल हळूहळू. चल, सिग्नल झाला."

हे आमचं शेवटचं बोलणं.

दुपारी, लख्ख उन्हात, ह्यांची गाडी लाल सिग्नलला थांबली होती. पुढे लाइन मोकळी नव्हती.

मागून येणाऱ्या भाऊजींनी त्यांच्यापुढचा लाल सिग्नल पाहिलाच नाही. त्यांचा डोळा लागला होता. शेजारी असिस्टंट होता, तोही पेंगत होता.

इंजिनात एक बटण असतं. ड्रायव्हर जागा आहे हे कळावं म्हणून ते सारखं दाबावं लागतं. भाऊजी नंतर चौकशीत म्हणाले, हाताला इतकी सवय झालीय की झोपेतही दाबलं जातं.

गार्डचा डबा मालगाडीच्या शेवटी असतो. मागून गाडी आली की पहिला गार्ड.

पत्रा कापून ह्यांना बाहेर काढलं. मला चेहरा दाखवला नाही. एक बूट दाखवला आणि विचारलं, "हा त्यांचाच का?"

टीव्हीवर बातमी आली. 'दोन्ही मालगाड्या असल्याने मोठी जीवितहानी टळली.'

शेजारच्या एका बाईंनी मला त्याचा व्हिडिओ फॉरवर्ड केला. खाली हात जोडलेले इमोजी.

तेराव्याला भाऊजी आले. पायाला प्लास्टर, बगलेत कुबडी. ते दाराबाहेरच उभे राहिले.

सासूबाई उठल्या. मला वाटलं, हाकलून देतील.

त्या म्हणाल्या, "ये. माजं लेकरू खाल्लंस, आता त्याच्या तेराव्याचं बी खाऊन जा."

पंगतीच्या मधोमध बसवलं त्यांना. मी ताट वाढलं. सगळे हात थांबवून बघत होते. भाऊजी मान खाली घालून जेवले. शेवटच्या घासापर्यंत.

सासूबाई म्हणाल्या, "आजून वाढ गं त्याला."

मी वाढलं. तेही त्यांनी संपवलं. मग उठून बाहेर गेले आणि कंपाउंडच्या भिंतीला धरून ओकले. कोणी पाणी नेलं नाही. मीही नाही.

चौकशीला मला बोलावलं नव्हतं. मी आपणहून गेले. फोनवर हे जे बोलले ते जसंच्या तसं सांगितलं.

चौकशी घेणारे साहेब म्हणाले, "ताई, तुमचा नवरा गेलाय. आणि तुम्ही त्या ड्रायव्हरची बाजू घेताय?"

"मी कुणाची बाजू घेत नाही. त्याला झोपू न देता गाडीवर पाठवलं, एवढं लिहा."

"मेलेल्या माणसाचं फोनवरचं बोलणं हा पुरावा होत नाही."

निकाल आला. चूक ड्रायव्हरची. भाऊजी बडतर्फ झाले.

'पुढच्या जंक्शनपर्यंत ने' म्हणणाऱ्याचं नाव निकालात कुठेच नव्हतं. त्याचं पुढे प्रमोशन झालं.

त्या आठवड्यात भाऊजी दारात आले. "वैनी, तुमी खरं बोललात. तुमचे लई उपकार..."

मी म्हणाले, "तुमच्यासाठी नाही बोलले. ह्यांनी सांगितलेलं वाया जाऊ नये म्हणून बोलले. परत या दारात येऊ नका."

ते आले नाहीत. एका गावात राहून कधीच आले नाहीत.

खताच्या दुकानात गोण्या उचलायचे. मी बाजारात दिसले की पाठ करून उभे राहायचे. पोरं मागून शिट्टी मारायची, "ए ड्रायव्हर, सिग्नल पडला!" मोठी माणसं हसायची. मी ऐकलंय. कधी कुणाला गप्प केलं नाही.

आज सकाळी खांद्यावर गोणी असतानाच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

मी त्यांच्या घरी जाऊन आले. मंगल, त्यांची बायको, उशाशी बसली होती. तिने मला बघितलं आणि पहिलं हेच विचारलं, "वैनी, माफ केलं का वो त्यास्नी? एकदा म्हना. आजून हितंच हायत त्ये."

सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या.

माझ्याच्याने खोटं बोलवलं नाही. "नाही" म्हणाले.

मंगल रडली नाही. थोडी सरकली आणि मला शेजारी बसायला जागा दिली. मी बसले.

अंत्यविधी आज दुपारी, प्रवरेच्या काठी. खांदा द्यायला माणसं कमी पडतायत. शिट्ट्या मारणाऱ्यांनी तरी या.

मी जातेय.

रावसाहेब भाऊजी, माफ केलेलं नाही.

शेवटचा नमस्कार घ्या.