डेन्झिलचा डावा पाय

डेन्झिल स्टिडमने सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली. तो कधी उशिरा आला नाही, हे गावात सगळेच सांगतात. तो कधी लवकरही आला नाही, हे माझ्या लक्षात राहिलंय. माझी तिन्ही मुलं त्याच्या बसने शाळेला गेली. आमच्या फाटकाशी सात वाजून बारा मिनिटांनी गाडी यायची. रस्ता मोकळा मिळून सात अकराला पोचलाच, तर वरच्या वळणावर, पोस्टाच्या पेट्यांपाशी, इंजिन चालू ठेवून तो मिनिटभर थांबायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला त्याच्या बसचं पिवळं टोक दिसायचं.

शनिवारी मात्र हाच माणूस डोक्यावर हेल्मेट चढवून जुन्या निळ्या नोव्हा गाडीत बसायचा.

आमची शर्यतीची पट्टी दोन डोंगरांच्या मधल्या सपाटीवर आहे. पूर्वी तिथे कोळसा चाळायचे. सरळ रस्ता, मैलाचा आठवा भाग. परतीच्या वाटेवर एक लाकडी खोकं आहे. त्यात बसून मी प्रत्येक गाडीला तिच्या फेरीची चिठ्ठी द्यायचे: सुटायच्या दिव्याला किती पटकन हलली, किती सेकंद लागले, शेवटच्या रेषेवर वेग किती. हे काम मी अकरा वर्षं केलं. घरात बसून लोणच्याच्या बरण्या पुसण्यापेक्षा बरं.

पट्टीवर दोन जाती होत्या. डेन्झिल ब्रॅकेटवाला. त्यांची रीत अशी की आपली गाडी किती सेकंदांत पार होईल तो आकडा आधीच काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने लिहायचा. दोन आकड्यांत जेवढा फरक, तेवढा आधी हळू गाडीला दिवा मिळतो, जलद गाडी मागून सुटते. पण लिहिल्यापेक्षा जलद गेलात की बाद. म्हणून मुरलेला ब्रॅकेटवाला शेवटच्या शंभर फुटांत मान वळवून शेजारी बघतो. आपण गरजेपेक्षा पुढे आहोत असं दिसलं, की उजवा पाय तसाच ठेवून डावा हलकेच ब्रेकवर टेकवतो. जिंकायचं, पण नाकभर. या कामात डेन्झिलच्या डाव्या पायाला तीन जिल्ह्यांत तोड नव्हती.

रोंडल फ्युगेट दुसऱ्या जातीचा. खाणीत पाठ मोडून घेतल्यावर त्याने गाड्यांचे पत्रे ठोकायचं गॅरेज काढलं. त्यांच्यात आकडा नाही, सवलत नाही. दोघे एकदम सुटतात, आधी पोचेल तो जिंकला. त्यांना आम्ही बरोबरीवाले म्हणायचो. दोघे एका वर्गात शिकलेले, आणि वीस वर्षं दर शनिवारी हेच ऐकू यायचं:

"काय रे डेन्झिल, आज किती हळू जायचं ठरवलंयस?"

"तुझ्यासारखं इंजिन फोडून दोरीने बांधून घरी जाण्यापेक्षा हळू बरं."

"शर्यतीत ब्रेक मारणारा माणूस म्हणजे लग्नात जाऊन उपास करणारा!"

"आणि तू चर्चच्या जेवणात प्रार्थना संपायच्या आत ताटात हात घालणारा."

असं म्हणत दोघे डेन्झिलच्या डब्यातली सँडविचं खायचे. डेन्झिलची बायको ओलीटा चार करून द्यायची. तीन रोंडल खायचा. रोंडलचं इंजिन फुटलं की त्याच्या गाडीखाली आधी डेन्झिलचेच बूट दिसायचे.

मग वरच्या कड्यावर नवी घरं झाली. तिथल्या लोकांनी आवाजाची तक्रार केली आणि काउंटीचा, म्हणजे जिल्हा कचेरीचा, हुकूम आला. शनिवारी चार ते आठ, एकच प्रकार चालेल. दुसऱ्याला हवी तर रविवारची दुपार.

आमच्याकडे रविवार म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. साडेबारापर्यंत चर्च, मग आईकडे जेवण, संध्याकाळी पुन्हा चर्च. रविवारी पट्टीवर गाडी पळवणाऱ्याला सोमवारी किराणा दुकानात लोक नमस्कारही घाईत करतात. त्यात डेन्झिल चर्चचा पंच आणि ओलीटा तिथे पियानो वाजवायची. ती म्हणाली, "तू रविवारी तिकडे गेलास तर मी एक शब्द बोलणार नाही, डेन्झिल." तीस वर्षांच्या संसारात ती कधी गप्प बसलेली नव्हती. धमकी त्याला कळली.

पट्टीची मालकीण मिस इमोजीन. वय अठ्ठ्याहत्तर, घडीच्या खुर्चीतून न उठता सगळं चालवायची. तिने दोन्ही बाजूंची माणसं बोलावली.

"मला भांडणं नकोत. तुम्ही दोघं वीस वर्षं एकमेकांचं आणि माझं डोकं खाताय. एक फेरी करा. जिंकेल त्याच्या माणसांचा शनिवार. सोमवारी मी कागद काउंटीला देईन, मग देव आला तरी बदलायची नाही." मग जरा थांबून म्हणाली, "डेन्झिलची माणसं जास्त आहेत. पद्धत त्यानं ठरवावी."

ब्रॅकेटवाल्यांनी टाळ्याच वाजवल्या. त्यांचा म्होरक्या होबर्ट, निवृत्त पोस्टमन, डेन्झिलच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "झालं! आपला आकडा, आपली काच. रोंडलला तर स्वतःचा वाढदिवसही नेमका सांगता येत नाही."

डेन्झिल टोपी हातात घेऊन उभा होता. "बरोबरीची करू," तो म्हणाला.

"काय?"

"दोघं एकदम सुटू."

होबर्टने त्याला बाजूला ओढलं; माझ्या खोक्याच्या आडोशालाच. "वेड लागलंय का तुला?"

"आपल्या पद्धतीनं जिंकलो तर जन्मभर म्हणतील, आधी सुटला म्हणून जिंकला."

"म्हणू देत ना! शनिवार तर राहील!"

"वीस वर्षं ऐकतोय, होबर्ट. एकदा बंद करायचंय त्याचं तोंड."

शहाणा माणूस, पण ही एक फुशारकी त्याने कुठे दडवून ठेवली होती कोण जाणे. आणि त्याला भीती वाटायचं कारणही नव्हतं. त्या नोव्हाचा खरा वेग कुणालाच माहीत नव्हता. डेन्झिलने तिला कधी पूर्ण सोडलीच नव्हती.

पुढचे तीन आठवडे तो बस उभी करून थेट रोंडलच्या गॅरेजात जायचा. होय, रोंडलच्याच. इंजिनाला जादा दम देणारी गॅसची बाटली रोंडलनेच त्याला बसवून दिली. "ही लाव बाबा," म्हणाला, "नाहीतर तुला हरवायची मलाच लाज वाटेल." दोघांच्या हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. होबर्ट दोनदा तिथून गाडी हळू करून गेला.

मे महिन्यातला शनिवार, पाच वाजलेले. कुंपणाला एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. डेन्झिल नोव्हाच्या काचेसमोर हातात पॉलिशची बाटली घेऊन उभा राहिला.

ओलीटा म्हणाली, "आज काही लिहायचं नाहीये."

"हो की." त्याने बाटली तिच्याकडे दिली.

पिवळे दिवे लागले, हिरवा लागला, आणि डेन्झिल आधी हलला. सत्तावीस वर्षं मिनिटं मोजलेला माणूस. दिव्याला त्याच्याइतकं कोण ओळखणार? माझं खोकं शेवटच्या रेषेच्या पुढे, त्यामुळे दोन्ही गाड्या माझ्याकडेच येताना दिसत होत्या. अर्ध्या वाटेवर नोव्हाचं नाक पुढे. पाऊण वाटेवर अख्खी गाडी पुढे. ब्रॅकेटवाले कुंपणावर चढून ओरडत होते.

मला हेल्मेट वळलेलं दिसलं. त्याने शेजारी बघितलं.

आणि नोव्हाचं नाक खाली झुकलं.

रोंडल बाजूने निघून गेला. रेषेवर दोघांत हातभर अंतर असेल. कुंपणावरचा आवाज एकदम तुटला, मग पलीकडच्या बाजूने सुरू झाला.

चिठ्ठी माझ्या यंत्रातून निघाली तेव्हाच मी वाचली. रोंडल ताशी एकशे चौदा मैल. डेन्झिल शहाण्णव.

तो खोक्याशी आला, काच खाली केली. मी विचारलं, "पेट्रोलचा पंप गेला का रे?" 'हो' म्हणाला असता तर मी मान डोलावली असती.

"पंप ठीक आहे," तो म्हणाला. चेहरा राखेसारखा झाला होता. "मी बघितलं, तो फार मागे होता. पाय आपोआप गेला."

तेवढ्यात होबर्ट धापा टाकत आला. "काय झालं? इंजिन बसलं? वेग किती दाखवतंय?"

डेन्झिल हेल्मेटचा पट्टा सोडायला लागला. होबर्ट माझ्याकडे वळला. "बाई, वेग किती?"

"शहाण्णव," मी वाचलं.

"शहाण्णव? ती तर शंभराच्या वर येत होती!"

"ब्रेक लागला," डेन्झिल म्हणाला.

"लागला? ब्रेक काय विंचू आहे, आपणहून लागायला?"

"मारला. मी मारला. सवयीनं, होबर्ट."

"बरोबरीच्या शर्यतीत? गाडीभर पुढे असताना?"

"पुढे होतो म्हणूनच."

होबर्ट स्वतः ब्रॅकेटवाला. जगात कुणाला ही गोष्ट कळायला हवी होती तर त्याला. पण त्याच्या डोळ्यांत मला दुसरंच काही येताना दिसलं. "तीन आठवडे त्याच्या गॅरेजात कसली सवय करत होतास रे?"

रोंडल गाडी तिथेच सोडून चालत आला होता. जिंकल्याचा मागमूस नव्हता तोंडावर. त्याला वाटलं आपण मित्राची बाजू घेतोय. "खरं बोलतोय तो," म्हणाला. "मी मागे होतो ना, त्याचे लाल दिवे लागलेले मी डोळ्यांनी बघितले. त्यानं ब्रेकच मारला."

"बघा!" होबर्ट मागे जमलेल्या लोकांकडे वळून म्हणाला. "साक्षीदारसुद्धा घरचाच आणलाय."

त्या क्षणी संपलं. पंपाचं खोटं चाललं असतं. खरं चाललं नाही. डेन्झिल जितकं खरं बोलत गेला तितका चोर ठरत गेला. रोंडल म्हणाला, पुन्हा धावू, आत्ता, इथेच. त्याची माणसं खवळली, "तुझ्या एकट्याचा शनिवार नाहीये हा!" डेन्झिलही नाही म्हणाला. "चिठ्ठी निघाली," एवढंच. ब्रॅकेटमध्ये चिठ्ठी निघाल्यावर वाद नसतो, हे तो तिथेही पाळत होता, आणि लोक म्हणाले, पाहिलंत, नकोच आहे त्याला.

सोमवारी मिस इमोजीनचा कागद काउंटीत गेला.

पहिल्या रविवारी ब्रॅकेटच्या चौदा गाड्या आल्या. दुसऱ्या रविवारी नऊ. डेन्झिल चर्चमधून थेट यायचा, टाय खिशात कोंबलेला. ओलीटा बोलल्याप्रमाणे एक शब्द बोलली नाही. डबा द्यायची, त्यात दोनच सँडविचं.

आणि आता नवीनच झालं. त्याचा डावा पाय उठेना. काचेवर सहा पूर्णांक चाळीस सेकंद लिहायचा, रेषेजवळ शेजारी बघायचा, पुढे आहे हे त्याला दिसायचं, आणि तरी गाडी तशीच सुसाट रेषा ओलांडायची. सहा चौतीस, सहा तेहतीस. बाद. दर रविवारी पहिल्याच फेरीत बाद. सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवसांत शाळेची बससुद्धा आमच्या फाटकाशी कधी सात दहाला, कधी सात पंधराला यायला लागली.

होबर्ट एकदा रांगेत उभा असताना मोठ्याने म्हणाला, "आता ब्रेक आठवत नाही वाटतं? हे विसरणं मे महिन्यात जमलं असतं तर बरं झालं असतं." कुणी हसलं नाही, कुणी त्याला गप्पही केलं नाही.

जूनमध्ये रोंडल येऊन कुंपणाशी उभा राहिला. "काय रे, आज किती हळू जायचं ठरवलंयस?" त्याने विचारलं. आवाजात जुनाच सूर आणायचा प्रयत्न होता बिचाऱ्याचा.

"सहा चाळीस," डेन्झिलने सांगितलं, एखाद्याने टपालघराची वेळ विचारावी आणि आपण सांगावी तसं. रोंडल थोडा वेळ टोपी सारखी करत उभा राहिला आणि निघून गेला. पुन्हा आला नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी चार गाड्या होत्या. मिस इमोजीन म्हणाली, दिव्यांचं बिलही निघत नाही, पुढच्या आठवड्यापासून रविवार बंद. डेन्झिलने शेवटची फेरी मारली आणि माझ्या खोक्याशी आला. मी चिठ्ठी दिली. सहा तेहतीस. त्याने ती बघितली नाही, सीटवर ठेवली.

काच वर करता करता थांबला. "एक विचारू?"

"विचार ना."

"त्या दिवशी होबर्टला वेग का वाचून दाखवलास?"

तीन महिने मी या प्रश्नाची वाट बघत होते. "त्यानं विचारला म्हणून," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. "विचारला खरा."

संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली होती. त्याने काच वर केली आणि नोव्हा हळूच फाटकाबाहेर काढली.

पुढच्या शनिवारी मी खोक्यात होते, चार ते आठ. बरोबरीवाल्यांच्या एकतीस गाड्या आल्या. मी सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या. रोंडलने त्याची घेतली, वाचली नाही, आणि माझ्याकडे न बघता पुढे गेला.